भाड्याची गाडी घेताय? आधी नंबरप्लेट बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे ऑफिसात हेडफोन लावू शकत नाहीत, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' येतात, ते शक्य तितके काढलेत. सगळे निघाले नाहीत.

विषय साधा आहे. पुण्यात राहतो, स्वतःची कार नाही, चार मित्र आहेत आणि रविवार आहे. मग कोणीतरी म्हणतं, "सेल्फ ड्राइव्ह घेऊ." मीही असाच दोन पावसाळ्यांपूर्वी निघालो होतो, ताम्हिणीला. गाडी एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून मिळाली. व्हॉट्सॲपवर फोटो, ऑनलाइन डिपॉझिट, चावी कोथरूडच्या एका चहाच्या टपरीवर. अ‍ॅपवरच्या गाड्यांपेक्षा बरीच स्वस्त. एमएच-१२, पांढरी नंबरप्लेट, त्यावर काळी अक्षरं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या घरच्या गाड्या अशाच असतात ना!

पिरंगुटच्या पुढे पाऊस वाढला आणि एका वळणावर एक बाइकवाले काका घसरून आमच्या बंपरला येऊन लागले. कोपर सोललं, मनगट सुजलं. आम्ही त्यांना पौडच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून गाडीच्या मालकाला फोन लावला. पहिलं वाक्य काय असावं? "दादा, पोलीस आले तर मित्राची गाडी आहे म्हणून सांगा. भाड्याचं काही बोलू नका."

काकांचं हाड मोडलेलं नव्हतं, पोलीस आले नाहीत, आम्हाला खोटं बोलावं लागलं नाही. पण ताम्हिणीला न जाता परत फिरलो आणि चांदणी चौकापर्यंत गाडीत कोणीच बोललं नाही. तो माणूस असं का म्हणाला, हे मी त्या रात्री शोधत बसलो. आजचा भाग त्यातून आलाय.

तर नंबरप्लेटचा रंग. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याने मिळणारी टॅक्सी. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो ती गाडी. गोव्यात स्कूटर भाड्याने घेतली असेल तर ही काळी पाटी तुम्ही नक्की बघितली असेल. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते. त्यात पांढरी अक्षरं खासगी, पिवळी अक्षरं व्यावसायिक.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे व्यावसायिक वापरासाठी परमिट लागतं. स्वतः चालवायला गाड्या भाड्याने देण्यासाठी कलम ७५ खाली १९८९ ची वेगळी 'रेंट अ कॅब' योजना आहे, आणि तिच्यात लायसन्स मिळवायला किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो. म्हणूनच एक-दोन गाड्या असलेला माणूस त्या वाटेला जात नाही, पांढऱ्या पाटीवरच धंदा करतो. स्वस्त का मिळते, याचं बरंचसं उत्तर इथे आहे: परमिट नाही, व्यावसायिक विमा नाही.

आणि आता ज्याने माझी झोप उडवली ते. परमिटशिवाय गाडी वापरल्याची शिक्षा कलम १९२अ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. ही शिक्षा गाडी वापरू देणाऱ्याला आहेच, पण कलमाची सुरुवात 'जो चालवतो' इथून होते. जो चालवतो तो म्हणजे आपण! मी तोवर समजत होतो की हा मालकाचा प्रॉब्लेम आहे.

विम्याचं तर आणखी अवघड. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि त्यात भाड्याने देणं स्पष्ट वगळलेलं असतं. म्हणजे गाडीचं नुकसान झालं तर कंपनी क्लेम नाकारू शकते. मग मालक कोणाकडे बघणार? समोरचा माणूस जखमी झाला तर कंपनीने आधी त्याला भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिलेत. पण त्यासाठी आधी वर्षानुवर्षं केस चालते. पौडच्या त्या काकांचं हाड मोडलं असतं, तर त्यांच्या उपचारांचे पैसे आमच्या एका खोट्या वाक्यावर टांगलेले असते. मालकाला तेच वाक्य आमच्याकडून हवं होतं.

(मित्राची गाडी पैसे न देता मागून आणली तर यातलं काही लागू होत नाही. टाकी भरून परत द्या म्हणजे झालं.)

मला एका श्रोत्याने विचारलं होतं, काळी पाटी म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडी, मग साधं लायसन्स चालतं का? चालतं. एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. लायसन्स डिजिलॉकरमध्ये असलं तरी पुरतं.

आता मी काय करतो ते सांगतो. अ‍ॅपवर दिसली म्हणजे काळी पाटीच असणार असं धरत नाही, फोटोत पाटी बघतो. फोटोत पाटी पुसट केली असेल तर नंबर मागतो आणि एमपरिवहनवर टाकतो. तिथे गाडीचा वर्ग, विम्याची मुदत, पीयूसी सगळं दिसतं. यात दोन मिनिटं जातात. मग गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ. चाकांच्या रिम, काचा, छत, मीटरचा आकडा, इंधनाचा काटा, स्टेपनी. सोसायटीचा वॉचमन विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

किलोमीटरची मर्यादाही आधीच विचारा. समजा दिवसाला ३०० किलोमीटर आहेत, तर दिवेआगरला जाऊन-येऊनच तेवढे होतात. हरिहरेश्वर पण करू म्हणालात की खिशाला कात्री. फास्टॅगचे पैसे कोण भरणार आणि राज्याबाहेर न्यायची परवानगी आहे का, हेही.

कुठे न्यायची? शहरात तर नकोच. पेठांमध्ये पी-१, पी-२ ची भानगड आहे: पी-१ बाजूला विषम तारखेला पार्किंग, पी-२ ला सम तारखेला. जन्म पुण्यात गेलेली माणसंही तारीख चुकतात आणि टोइंगवाला मात्र चुकत नाही. कसबा, मंडईला मेट्रोने जा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. सिंहगडलाही रविवारी कार नेऊ नये असं माझं मत. चढावर रांगेत क्लच जळल्याचा वास येतो आणि डिपॉझिट आठवतं. पायथ्यापर्यंत पीएमपी जाते, पुढे पाय आहेत.

कारची खरी मजा सासवडच्या बाजूला आहे. सकाळी सहाला निघून बोपदेव घाटाने सासवड, तिथून जेजुरी, पुढे मोरगावचा मयूरेश्वर, आणि येताना दिवे घाट. दीडशे किलोमीटरच्या आसपास होतात, मर्यादेत बसतं, आणि बसने एका दिवसात एवढं उरकणं कठीण. फक्त सोमवती अमावस्येला जेजुरी टाळा, आणि आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाटात असते तेव्हा त्या रस्त्याचा विचारही करू नका. पावसाळ्यात वरंधा घाटाने महाडला जायचं ठरवत असाल तर निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते तपासा. दरडींमुळे तो अनेकदा बंद ठेवतात.

ताम्हिणीला आम्ही पुढच्या वर्षी गेलो. काळ्या पाटीच्या गाडीने, जवळपास दुप्पट भाडं देऊन. पौडच्या त्या दवाखान्यासमोर थांबून चहा घेतला. धुक्यात धबधबे फारसे दिसलेच नाहीत.