कारागिराची कला उजेडात यावी

पोळा हा विदर्भातील शेतकऱ्यांचा सर्वांत जिव्हाळ्याचा सण होय. श्रावण अमावास्येस बैलांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाके लावलेल्या पाटावर उभा असलेला लाकडी नंदी सजवून, त्याच्या गळ्यात माळ घालून मुले तो घरोघर ओढत नेतात आणि वडीलधारी माणसे त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असे परंपरेने सांगितले जाते. भोसल्यांचे राज्य गेले. तथापि हा सण नागपुरात आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांत आजही तितक्याच उत्साहाने साजरा होतो.

या सणामुळे सुतारांच्या एका कौशल्याला दोन शतके आश्रय मिळाला आहे. तळहातावर मावणाऱ्या नंदीपासून मुलाच्या उंचीच्या नंदीपर्यंत अनेक आकार घडविले जातात. वशिंडाची गोलाई, मानेखालच्या पोळीच्या वळ्या, शिंगांची कमान आणि डोळ्यांतील भाव हे सारे पटाशी, वाकस व कानस यांच्या साहाय्याने हाताने उतरविले जाते. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येई, नंदी हातात घेई, त्याचे वजन व गुळगुळीतपणा पाही आणि मग किंमत ठरे. आता मुंबई, पुणे वा परदेशात राहणारे वैदर्भीय कुटुंब नंदी प्रथम मोबाइलच्या पडद्यावर पाहते. साच्यातून काढलेले स्वस्त नंदीही त्याच पडद्यावर शेजारी दिसतात. हातकामाचा मोबदला कारागिराला मिळावयाचा असेल, तर छायाचित्रात ते हातकाम दिसले पाहिजे. ते दिसणे वा न दिसणे हे कॅमेऱ्याच्या किंमतीपेक्षा प्रकाशावर अधिक अवलंबून असते.

फ्लॅशमुळे काय हरवते?

बहुतेक छायाचित्रे कार्यशाळेतील मंद उजेडात, मोबाइलचा फ्लॅश लावून घेतली जातात. फ्लॅशचा दिवा भिंगाला अगदी लागून असतो. त्यामुळे प्रकाश ज्या दिशेने जातो, त्याच दिशेने कॅमेराही पाहत असतो. कोरीव कामाच्या खाचांतील सावल्या वस्तूच्या मागे दडतात आणि भिंगाला दिसत नाहीत. डोळ्याला उंचसखलपणा कळतो तो मुख्यतः छायाप्रकाशावरून. सावलीच नाहीशी झाली की वशिंड सपाट भासते आणि पटाशीची रेघ पुसली जाते. परिणामी हाताने कोरलेला नंदी आणि साच्यातून काढलेला नंदी यांत फरक उरत नाही. फ्लॅश बंद ठेवणे ही यास्तव पहिली आणि बिनखर्ची सुधारणा होय.

दुसरी सुधारणा म्हणजे प्रकाश बाजूने घेणे. झिजलेला शिलालेख वाचताना अभ्यासक दगडाच्या पृष्ठभागालगत तिरपा उजेड पाडतात, म्हणजे अस्पष्ट अक्षरेही सावलीने उठून दिसतात. लाकडाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. वस्तूच्या एका बाजूने, थोडा वरून आणि किंचित पुढून येणारा प्रकाश तिचा आकार उत्तम दाखवितो. उथळ नक्षी किंवा लाकडाचे रेषे दाखवावयाचे असतील, तर प्रकाश आणखी तिरपा घ्यावा. योग्य कोन शोधण्याचा सोपा उपाय असा : नंदी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवावा, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहावे आणि तो हळूहळू फिरवावा. एका डोळ्याने पाहिले असता दृश्य कॅमेऱ्याला दिसते तसे सपाट दिसते. ज्या क्षणी वशिंड, मान व पाय एकमेकांपासून स्वच्छ वेगळे दिसू लागतील, ती स्थिती कायम ठेवावी.

उत्तरेचा उजेड

प्रकाशाचा उगम वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ असते. सूर्य प्रचंड असला तरी पृथ्वीवरून तो लहानशा बिंबाएवढा दिसतो. म्हणून भर उन्हातील सावली काळी व धारदार पडते. मोकळ्या आकाशाचा उजेड मोठ्या खिडकीतून येतो, तेव्हा ती संपूर्ण खिडकीच प्रकाशाचा उगम बनते. सावली पडते, परंतु तिच्या आतील तपशील हरवत नाहीत. चित्रकारांनी आपल्या कार्यशाळांना उत्तरेकडील खिडक्या पसंत केल्या, त्याचे कारण हेच होय.

नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य येथे दिवसभर दक्षिणेकडे राहतो. या काळात उत्तराभिमुख दारात थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर बराचसा एकसारखा मिळतो. उरलेल्या सहामाहीत सूर्य पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेस उगवतो व मावळतो. त्यामुळे सकाळी लवकर व सायंकाळी उत्तरेच्या दारातही ऊन शिरते. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हापासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो. या दिवसांत खिडकीवर पातळ पांढरे कापड किंवा बटर पेपर ताणून लावावा, म्हणजे थेट ऊन विखुरते आणि मऊ होते.

नंदी घडविण्याचा मुख्य हंगाम पावसाळ्यात येतो, ही गोष्टही सोयीची आहे. ढगांनी भरलेले आकाश म्हणजे निसर्गाने ताणलेला पांढरा पडदाच होय. पाऊस थांबलेल्या दुपारी घराच्या छपरीत, बाहेरच्या कडेपासून दोन-तीन हात आत टेबल मांडले, तर वरून येणारा उजेड छपराने अडतो आणि समोरून वा बाजूने येणारा मऊ उजेड तेवढा वस्तूवर पडतो. आभाळ फारच भरून आले असल्यास मोबाइल तिवईवर वा विटांच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि दोन सेकंदांच्या स्वयंचलित वेळयंत्राने छायाचित्र घ्यावे, म्हणजे हात हलल्याने चित्र पुसट होत नाही.

पांढऱ्या कागदाचे साहाय्य

एका बाजूने उजेड घेतला की दुसरी बाजू काळवंडते. तेथे दुसरा दिवा लावण्याची गरज नसते. थर्मोकोलचा तुकडा, पांढरा पुठ्ठा किंवा धुतलेले धोतर काळ्या बाजूस, चित्रात दिसणार नाही इतक्या अंतरावर उभे केले, तर खिडकीचा उजेड त्यावरून परतून सावलीत पोहोचतो. हा परावर्तक जवळ आणला की सावली फिकी होते, दूर नेला की गडद होते. सावली अगदी नाहीशी करू नये. आकार तिच्यामुळेच उमटतो. परावर्तक मात्र पांढराच हवा. निळ्या वा हिरव्या भिंतीवरून परतलेला प्रकाश त्या भिंतीचा रंग लाकडावर घेऊन येतो.

अंतराचाही विचार आवश्यक आहे. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की वस्तूवर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. खिडकीच्या बाबतीत घट एवढी तीव्र नसली, तरी मोठा नंदी खिडकीला अगदी चिकटून ठेवल्यास त्याचे तोंड उजळ आणि शेपटीकडील भाग अंधारा येतो. तो थोडा आत सरकविल्यास दोन्ही टोकांवरील उजेडातील तफावत कमी होते.

चकाकी आणि रंग

वॉर्निश वा लाख लावलेल्या वस्तूंचे छायाचित्रण अधिक कौशल्याचे असते. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही अडचण सहज कळेल. गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा वागतो. प्रकाश ज्या कोनात येतो, त्याच कोनात परततो. कॅमेरा नेमका त्या वाटेवर असला की पांढरा डाग उमटतो व त्याखालचे लाकूड दिसत नाही. अशा वेळी दिवा वा वस्तू थोडी बाजूस सरकवावी. तेवढ्याने भागले नाही तर दिव्यासमोर मोठे पांढरे कापड धरावे, म्हणजे बोचरा ठिपका जाऊन सौम्य झळाळी उरते. भिंगावर फिरवून लावण्याची पोलरायझर ही काचही लाकडावरील चकाकी बरीच कमी करते. मात्र सारी चकाकी काढून टाकणे इष्ट नाही. पॉलिश कसे झाले आहे, हे ग्राहकाला तिच्यावरूनच कळते.

रंगाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. साध्या तारेच्या बल्बचा प्रकाश सुमारे २८०० केल्व्हिनचा व पिवळसर असतो, दुपारचा सूर्यप्रकाश सुमारे ५५०० केल्व्हिनचा, तर बाजारातील पांढऱ्या एलईडी दिव्यांचा अनेकदा ६५०० केल्व्हिनचा व निळसर असतो. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकाच वेळी वापरले, तर नंदीची एक बाजू निळसर आणि दुसरी नारिंगी येते आणि कॅमेऱ्याला दोन्ही एकदम दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून दिवसाचा उजेड घ्यावयाचा असेल, तर खोलीतील दिवे बंद करावेत. रात्री काम करणे भाग असल्यास एकाच जातीचे दिवे वापरावेत. दिव्याच्या खोक्यावर सी.आर.आय. हा अंक छापलेला असतो. तो ९० किंवा अधिक असल्यास रंग बरेचसे खरे दिसतात. सागवानाचा सोनेरी तपकिरी रंग चित्रात लालभडक दिसला आणि घरी आलेली वस्तू निराळी निघाली, तर ग्राहक फसविला गेल्यासारखे मानतो आणि त्याचा दोष कारागिराच्या माथी येतो.

पार्श्वभूमी व कॅमेरा

पार्श्वभूमीसाठी पांढरा वा करडा कागद टेबलावरून मागील भिंतीवर वळवून चढवावा. मध्ये घडी पडू देऊ नये. मोबाइलचा कॅमेरा दृश्यातील सरासरी उजेड मध्यम छटेकडे ओढतो. त्यामुळे पांढऱ्या कागदावरील नंदी काळपट आणि काळ्या कापडावरील नंदी फिकट येतो. पडद्यावर नंदीवर बोट टेकवून उजेडाची पट्टी वरखाली केली, की ही चूक दुरुस्त होते. कॅमेरा नंदीच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. उभ्याने वरून घेतलेल्या चित्रात पाय आखूड दिसतात. फार जवळून घेतल्यास तोंड अवाजवी मोठे दिसते, म्हणून चार-पाच हात दूर उभे राहून चित्र घ्यावे. समोरून, बाजूने व तिरपे अशी तीन चित्रे, कोरीव कामाचे एक जवळचे चित्र आणि मापपट्टी शेजारी ठेवून एक चित्र, एवढी पाच चित्रे सामान्यतः पुरेशी होतात.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम तसेच पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनविणे यांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज यांबरोबरच विक्रीसाठी साहाय्य हाही तिचा एक भाग आहे. ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. त्याच वेळी गावातील सुतार, बुरूड व अन्य कारागिरांच्या वस्तूंची चांगली छायाचित्रे घेण्याची व्यवस्था पंचायतीने केली, तर विक्रीच्या पुढील प्रत्येक टप्प्यावर ती उपयोगी पडतील. पंचायत कार्यालयातील उत्तरेची एक खिडकी, एक टेबल, पांढरा कागद व पुठ्ठा एवढ्यावर ही सोय होऊ शकते. नागपूर येथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यासारख्या ठिकाणी वस्तू प्रत्यक्ष मांडता येते. परंतु मेळा काही दिवसांचा असतो, छायाचित्र वर्षभर कारागिराची बाजू मांडते.

शिक्षकांनाही येथे मोठे काम आहे. अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातील नंदी जपून ठेवलेले आहेत. जुन्या वाड्यांतील कोरीव खांब, तुळया व चौकटी मात्र वाड्यांबरोबर नाहीशा होत आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांची योग्य प्रकाशात छायाचित्रे घेऊन शेजारी वस्तूचे नाव, गाव, माप, लाकडाची जात आणि माहीत असल्यास घडविणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. १८६३ मध्ये स्थापन झालेले, अजब बंगला या नावाने नागपूरकरांना परिचित असलेले मध्यवर्ती संग्रहालय पाहावयास मुले जातात, तेव्हा वस्तूसोबत तिची नोंद का असावी लागते हेही त्यांना समजावून देता येईल. कोणत्याही वस्तूचे छायाचित्र घेण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी आणि ते प्रसिद्ध करताना कारागिराच्या इच्छेनुसार त्याचे नाव द्यावे.

नंदी घडविणाऱ्या सुताराने लाकडाची निवड, वाळवण आणि कोरणी यांत कित्येक दिवस घातलेले असतात. खिडकीजवळ घालविलेली आणखी अर्धी घटका त्या श्रमाचे मोल ग्राहकापर्यंत पोहोचवू शकते. येत्या पोळ्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या एका तरी कारागिरासाठी हा प्रयोग करून पाहावा.