सोळा आणे आणि दहा ग्रॅम

गल्ल्यावर बसलेले आजोबा सहज म्हणतात, ‘‘त्याचा शब्द सोळा आणे खरा.’’ शेजारची नात विचारते, ‘‘सोळाच का, आजोबा?’’ प्रश्न निरागस असतो. परंतु केस पांढरे झाले तेव्हा जे जाणवले नव्हते, ते वय अशा एका प्रश्नाने जाणवते.

उत्तर सोपे आहे. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै असा हिशेब १ एप्रिल १९५७ पर्यंत चालला. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ‘नवे’ हा शब्दही १९६४ मध्ये गळाला. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या आसपास आहे. म्हणजे साठीतल्या आजोबांनीही आण्यांचा खरा हिशेब कधी केलेला नाही. त्यांचे ‘चार आणे’ म्हणजे पंचवीस पैशांचे नाणे, आणि तेही ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. पिढ्यांमधले अंतर ही एकच दरी नसते, ती पायऱ्यांची उतरण असते. नातीला जसे आजोबा, तसेच आजोबांना त्यांचे वडील.

नाण्यांचे विस्मरण निरुपद्रवी म्हणता येईल. वजनांचे तसे नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफाच्या दुकानात तोळा म्हटले की दहा ग्रॅम समजतात. पणजीच्या हातच्या यादीत ‘दहा तोळे’ अशी नोंद असेल, तर ते सोने सुमारे ११६ ग्रॅम असावयास हवे. वाटणीच्या वेळी नातवंडांनी ते शंभर ग्रॅम धरले, तर आजच्या मापाने दीड तोळ्याहून अधिक सोन्याचा हिशेब कागदावरच हरवतो. उलट यादी अलीकडची असून कोणी जुना तोळा धरला, तर घरातल्याच माणसावर विनाकारण संशय येतो. ‘ही यादी कोणत्या सालची?’ एवढे विचारणारे वडीलधारे माणूस बैठकीत असले, की असे वाद पुष्कळदा तिथेच मिटतात.

जुन्या वह्यांची गोष्टही अशीच. त्यांत पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी लिहीत. ‘५।’ म्हणजे सव्वापाच, ‘५।।’ म्हणजे साडेपाच, ‘५।।।’ म्हणजे पावणेसहा, अर्थात पाच रुपये बारा आणे. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला नातू ‘५।।’ हे पाचशे अकरा वाचतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला हे कोणी दाखवलेच नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे पाढे ज्यांनी घोकले, त्यांना साडेतीन शेरांचा भाव सांगायला कागद लागत नसे. औट म्हणजे साडेतीन, हे सांगितले की आजची मुले हसतात. हसू द्यावे; त्यांना गंमत वाटते आहे, म्हणजे ती ऐकत आहेत.

मात्र अज्ञानाचे माप एकाच बाजूने घेणे अन्यायाचे होईल. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, तेव्हा अनेक पेढ्यांवर सत्तरीतले शेठ सुनेकडून विवरणपत्राची रीत शिकले. यूपीआय २०१६ मध्ये आले. गल्ल्यापाशी चौकोनी संकेताची पाटी लागली, आणि नोटेच्या स्पर्शावरून खरी-खोटी ओळखणाऱ्या हाताला काम उरले नाही. ‘पैसे आले का रे?’ असे नोकराला विचारावे लागणे, हे त्या माणसाला किती लागते, याची घरात क्वचितच कोणाला कल्पना असते. तो काही बोलत नाही. हळूहळू दुकानात उशिरा येऊ लागतो आणि जेवणाच्या वेळी व्यापाराचा विषय निघाला की पानाकडे पाहत राहतो. तरुण समजतात, वडिलांचे आता लक्ष लागत नाही.

लक्ष असते, विचारणा नसते. चौविहाराच्या घरी सूर्यास्ताची वेळ मुले मोबाइलवर पाहतात आणि ते सोयीचे आहे. पण तिथीचा क्षय आला की चतुर्दशीचा उपवास कोणत्या दिवशी धरायचा, यासाठी आजही आजीकडेच वळतात, आणि त्या दिवशी आजीचा आवाज वेगळाच असतो.

दिवाळीच्या वहीपूजनाला नवी वही मांडली जाते. अनेक घरांत आता तिची जागा संगणकाने घेतली आहे. त्याच दिवशी माळ्यावरचे जुने गाठोडे खाली काढता येईल. एक पान उघडावे, आजोबांनी रेघा वाचाव्यात, नातीने ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. कोणत्या गावचा कोण देणेकरी, कोणाचे येणे सोडून दिले आणि का, हेही विचारून घ्यावे. हा ‘का’ वहीत लिहिलेला नसतो. एका पानाला अर्धा तास पुरतो, आणि मोबाइलचे बटण कोणते दाबायचे ते नात आजोबांना दाखवीलच.