टाकीचं झाकण उघडण्याआधी...

मुलांनो, संडास तुंबला की घरातलं कुणी तरी हमखास म्हणतं, "कशाला पैसे घालवायचे? आपणच बघू की!" हौस चांगली, पण सेप्टिक टँकच्या बाबतीत जरा थांबा.

मार्च २०२२ मध्ये पुण्याजवळ लोणी काळभोर परिसरात, कदमवाकवस्तीत, एका इमारतीची अशीच टाकी साफ करताना चार जण गुदमरून मेले.

असं का होतं? टाकीतले जिवाणू हवेशिवायच मैला कुजवतात. जड गाळ तळाशी बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. या शेवटच्या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण गंमत नाही बरं, तो फार वाढला की नाकच बधिर होतं! वास थांबला म्हणजे धोका टळला, असं मुळीच नाही.

मग घरी काय करायचं? मोठ्यांना सांगा, गॅसच्या पाइपाची जाळी आणि झाकणाचे तडे बाहेरूनच तपासा. संडासात प्लॅस्टिक टाकू नका. अ‍ॅसिड, फिनेल बदाबदा ओतू नका, जिवाणू मरतात. दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

कुणी आत पडलंच, तर मागोमाग उतरू नका. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.

आज घरी एवढं विचाराच : आपली टाकी शेवटची कधी उपसली?