नाताळगीतांची उपासना आणि विद्यापीठीय श्रोता

केंब्रिज व ऑक्सफर्ड येथील विद्यार्थ्यांचा नाताळ पंचवीस डिसेंबरची वाट पाहत नाही. तेथील शरत्कालीन सत्र डिसेंबरच्या आरंभी संपते आणि विद्यार्थी घरोघर पांगतात. तेव्हा मित्रमंडळींसह सण करावयाचा, तर तो सत्रातच उरकून घ्यावा लागतो. पंचवीस नोव्हेंबरच्या सुमारास होणाऱ्या या अकाली सणाला केंब्रिजचे विद्यार्थी ‘ब्रिजमस’ आणि ऑक्सफर्डचे विद्यार्थी ‘ऑक्समस’ म्हणतात. शब्दसिद्धीच्या दृष्टीने हे नमुने मोठे बोलके आहेत. मूळ शब्दातील ख्रिस्ताचे नाव गळून पडले आहे आणि ‘मास’, म्हणजे आपल्याकडील कॅथलिकांचा ‘मिस्सा’, तेवढा प्रत्ययासारखा उरला आहे. ज्या इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांना याच दिवसांत आपल्या सहाध्यायांपर्यंत ख्रिस्ताचे नाव पोचवावयाचे असते, त्यांच्या पंथपूर्वजांनी मिस्सा टाकून दिला होता. इतकेच नव्हे, तर १६४७ साली प्युरिटनांच्या वर्चस्वाखालील पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द केला होता. १६६० च्या राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर तो उजळ माथ्याने परतला. त्याच परंपरेचे वारस आज नाताळला प्रचाराचा सर्वांत अनुकूल काळ मानतात. हे कसे घडले, हे पाहण्याजोगे आहे.

‘इव्हँजेलिकल’ या विशेषणाच्या मुळाशी शुभवर्तमान या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. तथापि त्याचा ऐतिहासिक अर्थ अधिक मर्यादित आहे. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ साली या प्रवाहाची चार लक्षणे सांगितली: बायबलचे प्रामाण्य, क्रूसावरील मृत्यूचे केंद्रस्थान, व्यक्तिगत परिवर्तनाचा आग्रह आणि कार्यप्रवणता. केंब्रिजचा आंतरमहाविद्यालयीन ख्रिस्ती संघ या प्रवृत्तीतूनच १८७७ साली निघाला. पुढे उदारमतवादी धर्मविचाराकडे झुकू लागलेल्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीशी त्याचे पटेना, आणि १९१० साली तो तिच्यापासून अलग झाला. अशा निरनिराळ्या संघांना एकत्र आणणारी ‘इंटर-व्हर्सिटी फेलोशिप’ १९२८ मध्ये स्थापन झाली. या इतिहासाला एक कोल्हापुरी धागाही आहे. १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन येथील विद्यार्थी-परिषदेत शंभर तरुण मिशनकार्यास सिद्ध झाले, त्यामागील प्रमुख प्रेरणा ज्या रॉबर्ट वाइल्डर याची होती, तो कोल्हापूर मिशनचे संस्थापक रॉयल वाइल्डर यांचा पुत्र. त्याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला. १८९२ मध्ये ब्रिटनमध्ये जाऊन त्याने तेथील विद्यार्थ्यांतही तीच चेतना निर्माण केली.

या संघांच्या नाताळकालीन कार्याचा कणा म्हणजे नाताळगीतांची उपासना. तिचा साचा मात्र त्यांचा स्वतःचा नव्हे. १८८० सालच्या नाताळपूर्व संध्येला ट्रुरो येथे बिशप एडवर्ड बेन्सन यांनी नऊ शास्त्रपाठ व नाताळगीते यांची उपासना प्रथम चालविली. १९१८ साली, महायुद्ध नुकतेच संपले असताना, एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ती केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आणली. ते स्वतः युद्धात सेनेचे धर्मगुरू होते. १९२८ पासून बी.बी.सी.ने ती ध्वनिक्षेपित केल्यावर हा साचा इंग्लंडच्या घराघरांत रुजला. आदामाच्या पतनापासून योहानाच्या शुभवर्तमानातील शब्दाच्या देहधारणेपर्यंत पाठ क्रमाने चढत जातात. पाठ वाचणारेही बालगायकापासून कॉलेजच्या प्रमुखापर्यंत चढत्या क्रमाने येतात. या रचनेत प्रवचनाला जागा नाही. पाठ आणि गीते यांनीच सारे सांगावे, अशी तिची धारणा आहे.

विद्यार्थी-संघांनी या साच्यात नेमका येथेच बदल केला. पाठांची संख्या कमी केली आणि उरलेल्या वेळात एक छोटे प्रवचन बसविले. बाह्यतः हा किरकोळ फेरफार वाटेल. वस्तुतः त्याने उपासनेचे प्रयोजनच पालटते. कोणी श्रद्धेने येतो, कोणी मैत्रिणीने बोलावले म्हणून येतो, कोणी केवळ मेणबत्त्यांचा प्रकाश, गाणे आणि नंतर मिळणारे मिन्स पाय यांच्या ओढीने येतो. या साऱ्यांच्या तोंडी गीतांचे शब्द लहानपणापासून बसलेले असतात. चार्ल्स वेस्ली यांच्या १७३९ सालच्या प्रसिद्ध नाताळगीताचे उदाहरण घेता येईल. त्यातील ‘आकाश’ या अर्थाचा एक जुनाट शब्द जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी १७५३ मध्ये काढून टाकला; परंतु देव व पापी मनुष्य यांचा समेट आणि माणसाचा दुसरा जन्म या कल्पना तशाच राहिल्या. (मराठी ख्रिस्ती परिभाषेत येथे ‘नव्याने जन्म’ असे म्हणतात, ‘पुनर्जन्म’ म्हटले की मराठी कान भलतीकडेच जातो.) अर्थात इव्हँजेलिकल सिद्धान्ताचा गाभा श्रोत्यांनी प्रवचनाआधीच उंच स्वरात गायिलेला असतो, मात्र त्याची जबाबदारी न घेता.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादिले आहे की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर कृतीच घडवितात. मात्र तीच वाक्ये नटाने रंगभूमीवर उच्चारली किंवा काव्यात आली, तर ती पोकळ ठरतात. नाताळगीत गाणारा विद्यार्थी या दोहोंच्या सीमेवर उभा असतो. तो नट नाही, पण ‘चला, वंदन करू’ असे गाताना वंदन करतोच, असेही नाही. प्रवक्त्याचा सारा प्रयत्न या पोकळ उच्चाराला सगर्भ करण्याकडे असतो. आताच आपण काय म्हटलेत, हे तो श्रोत्यांना विचारतो.

भाषास्तरातील बदल यासाठीच उपयोगी पडतो. गीतांची भाषा जुनी, अलंकृत असते. पाठ बहुधा १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या न्यू इंटरनॅशनल व्हर्शनसारख्या अर्वाचीन भाषांतरातून वाचतात. आणि प्रवचन तर चक्क बोलभाषेत, एखाद्या विनोदाने सुरू होते. सर्वनामांचे स्थित्यंतर अधिक सूक्ष्म आहे. गीतांत ‘आम्ही’ असतो, प्रवचनात ‘यू’ येतो आणि शेवटच्या प्रार्थनेत ‘मी’. इंग्रजी ‘यू’मध्ये एकवचन-अनेकवचनाचा भेद नसल्याने सभेला केलेले संबोधन ऐकणाऱ्याला एकट्यालाच केल्यासारखे भासू शकते. मराठी प्रवक्त्याला ही सोय नाही. त्याला ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांतून निवड करावी लागते, आणि निवडताच सलगी उघडी पडते. प्रार्थना प्रवक्ता सावकाश, मध्ये मध्ये थांबत म्हणतो. क्षमा मागणे, आभार मानणे, विनंती करणे असे तिचे तीन टप्पे पुष्कळदा असतात. ज्याला पटेल त्याने ती मनात म्हणावी, अशी सूचना असते. येथे ऑस्टिन यांची कसोटी हतबल होते. कृती घडली की नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते सर्वच अश्रद्धांचे नाहीत. बिली ग्रॅहम १९५५ च्या नोव्हेंबरात केंब्रिजला प्रवचनांसाठी आले, त्याच सुमारास ‘टाइम्स’ पत्रात मूलतत्त्ववादावर मोठा पत्रव्यवहार झाला. बुद्धिवादी विद्यापीठात अशा प्रचाराला स्थान असावे काय, हा त्यातील प्रश्न होता. २००६-०७ मध्ये एक्झिटर येथे वाद नावावरच पेटला. सदस्यत्वासाठी श्रद्धाविधानावर सही मागणाऱ्या गटाने नुसते ‘ख्रिस्ती संघ’ म्हणवून घेऊ नये, ‘इव्हँजेलिकल’ हे विशेषण लावावे, अशी तेथील विद्यार्थी-संघटनेची भूमिका होती. भाषाभ्यासकाला हा वाद क्षुल्लक वाटणार नाही. जातिवाचक नाम एका उपजातीने धारण केले, की उरलेल्यांनी कोणत्या नावाने ओळखले जावे?

नाताळच्या उपासनेपुरता मात्र खरा प्रश्न निमंत्रणाचा आहे. आमंत्रणपत्रिकेवर छोटे भाषण होणार असल्याचा उल्लेख असेल, तर येणाऱ्याची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. प्रौढ विद्यार्थ्याला ऐकण्याचे व उठून जाण्याचे दोन्ही स्वातंत्र्य आहे. सुटीत वसतिगृहात एकटा मागे राहिलेल्या परदेशी विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. त्यांत मराठी मुलेमुलीही असतात. बाहेर चार वाजताच अंधार पडलेला, दुकाने बंद, आणि अशा दिवशी एखादे ख्रिस्ती कुटुंब त्याला जेवावयास बोलावते. ते अगत्य बहुधा निखळ असते. परंतु पाहुणा यजमानाच्या प्रार्थनेत मान लववितो, ती श्रद्धेने की रीतीने, हे यजमानानेही गृहीत धरू नये. कारण जेवणावरून उठून जाणे हे सभागृहातून उठून जाण्याइतके सोपे नसते.

संघांनाही त्या एका रात्रीत परिवर्तनाची फारशी अपेक्षा नसते. त्यांची मुख्य व्याख्यानमाला नव्या वर्षाच्या सत्रात, पुष्कळ ठिकाणी फेब्रुवारीत होते. नाताळच्या उपासनेनंतर हाती पडणाऱ्या पत्रकावर तिच्या तारखा असतात आणि खाली नाव लिहिण्यासाठी एक रिकामी ओळ. ती बहुतेक जण कोरीच ठेवतात आणि गीत गुणगुणत बाहेर पडतात.