सहारा मोहरीची खुरपणी

दक्षिण कॅलिफोर्नियात बोरेगो स्प्रिंग्जजवळच्या वाळूत फेब्रुवारीत खुरपणीला बसायचे, तर आधी नजर तयार व्हावी लागते. पिवळे दिसले की उपटले, असे इथे चालत नाही. वाळवंटी सूर्यफूलही पिवळेच आणि वाचवायचे आहे ते त्यालाच. सहारा मोहरीचे फूल बारीक, फिकट, चार पाकळ्यांचे. फुलाआधीच ओळखायची तर पाने पाहावीत: जमिनीसरशी गोल पसरलेली, कातरलेली, हाताला खरखरीत लागणारी.

ही पाने एका मुठीत गोळा करायची, दुसऱ्या हाताची बोटे वाळूत घालायची, दांडा मुळापाशी पकडायचा आणि तिरका, सावकाश ओढायचा. हिसका दिला तर दांडा तुटतो, बुडखा वाळूतच राहतो आणि त्याला पुन्हा फूट येऊ शकते. पावसानंतर सोटमूळ अलगद निघते. शेंगा धरल्या असतील तर झाड थेट पिशवीत, कारण उपटल्यावरही त्या पिकतात. शेजारच्या गुलाबी सँड व्हर्बिनाला धक्का न लावता हे सारे करायचे, खरे कसब तिथे लागते.

ही मोहरी मूळची उत्तर आफ्रिका, भूमध्य सागराचा परिसर आणि पश्चिम आशियातल्या वाळूतली. कॅलिफोर्नियात तिची पहिली नोंद १९२७ची. खजुराच्या रोपांबरोबर आली असावी, असे मानतात. आपल्याकडे गाजरगवत अमेरिकी गव्हाबरोबर आल्याचे सांगतात, तसाच हा प्रवास. पाऊस पडताच ती स्थानिक फुलांच्या आधी उगवते आणि त्यांच्या वाटचे पाणी पिऊन घेते. बी धरायला तिला कीटकांचीही गरज नसते. एका मोठ्या झाडाला हजारो बिया येतात. त्या भिजल्या की सब्जासारख्या बुळबुळीत होऊन चाकांना, बुटांना चिकटतात.

हाताने सगळे वाळवंट साफ होणार नाही, हे इथे खपणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी निवडलेला तुकडा दरवर्षी राखला तर तिथली रानफुले टिकतात. माझ्या मते सर्वांत मोलाची खुरपणी कमी पावसाच्या वर्षीची. तेव्हा फुले पाहायला फारसे कोणी फिरकत नाही, पण मोहरीही विरळ असते आणि तुकड्यातले झाडन्‌झाड उपटता येते.

बोरेगो स्प्रिंग्जभोवतीच्या उद्यानात आपल्या मनाने काहीही उपटायला मनाई आहे. हात लावायचा तर स्वयंसेवकांच्या गटात जावे. नुसती फुले पाहायला गेलात तरी पायवाट सोडू नका आणि परतताना बूट, चाके झाडून घ्या.