दख्खनी महसीर

सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणारी कृष्णा व तिच्या उपनद्या यांत जे मासे आढळतात, त्यांत दख्खनी महसीर हा विशेष मानाचा होय. मराठीत त्यास खडशी असेही म्हणतात. १८३९ साली सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळील मुळा-मुठेतील या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याच्या नावात ‘खुद्री’ हा देशी शब्दच योजला.

मोठमोठे खवले, जाड ओठ आणि मिशांच्या दोन जोड्या ही त्याची खूण. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. शेवाळ, काठच्या झाडांची गळलेली फळे, कीटक, गोगलगाई असे मिळेल ते गिळून तो घशात भरडतो.

उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे हा मासा खोल डोहाचा आश्रय घेतो. पावसाळ्यात पाणी चढले की प्रवाहाविरुद्ध पोहत तो वरच्या अंगास जातो. तेथे उथळ, खडेगोट्यांच्या जागी मादी अंडी घालते. ही पिवळसर अंडी पाण्याहून जड असल्याने तळाशी बसतात. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात; परंतु पोटाशी असलेला बलक संपेपर्यंत ती उजेड टाळून खड्यांच्या फटींत पडून राहतात. मगच ती पोहू लागतात.

विद्यार्थी मित्रहो, यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. खोल डोह, मोकळी वाट, खड्यांचा तळ आणि प्राणवायूने युक्त असे वाहते पाणी, ही चारही या जीवनक्रमास अवश्य आहेत. धरणाने वाट अडते, वाळूच्या उपशाने तळ खरवडला जातो, सांडपाण्याने प्राणवायू घटतो. यांपैकी एकाचीही उणीव झाली तर पुढची पिढी जन्मास येत नाही.

मग पिल्ले वाढवून नदीत सोडली तर? १९७० च्या सुमारास लोणावळ्यास या माशाच्या कृत्रिम प्रजननाचा प्रयोग यशस्वी झाला आणि तेथील पिल्ले अनेक ठिकाणी गेली. त्यांतील काही कावेरीत सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता. परंतु कावेरीत वशिंडाचा महसीर ही निराळी जात पूर्वीपासून नांदत होती. पाहुणे वाढले आणि घरचे घटले. २०१८ साली ही मूळ जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. तिच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण हे आगंतुकच मानले जातात.

तात्पर्य, मासा वाचवावयाचा तर त्याची स्वतःची नदी वाहती व निर्मळ राखली पाहिजे. तिची जागा दुसरी नदी घेऊ शकत नाही.