पत्रांचा पाऊस, मीटरचा आकडा
'स्टार ट्रेक' आणि प्रेक्षकांच्या मतांविषयीचे काही गैरसमज

अंतराळमालिकेचा नवा भाग आला की दुसऱ्या दिवशी दोन तट पडलेले असतात. एकाच्या मते मालिकेचे वाटोळे झाले, दुसऱ्याच्या मते इतका चांगला भाग आजवर झालाच नव्हता. एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत असते: आपण सगळे मिळून मोठ्याने बोललो तर वाहिनीला ऐकावेच लागेल. त्यासाठी दाखला दिला जातो तो 'स्टार ट्रेक'चा. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ या काळात चाललेली ही मालिका बंद पडत असताना चाहत्यांनी पत्रे लिहून वाचवली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तिच्यात तथ्य आहे, पण सांगणाऱ्यांनी पदरची भरही बरीच घातली आहे. प्रेक्षकांचे मत काय होते, ते कोणी कसे मोजले आणि निर्णय कशावरून झाला, या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या की चित्र बदलते.

गैरसमज : पहिल्या भागापासूनच लोकांनी मालिका डोक्यावर घेतली.

वस्तुस्थिती : ८ सप्टेंबर १९६६ रोजी 'द मॅन ट्रॅप' हा भाग एनबीसीवर लागला. शरीरातले मीठ शोषून माणसे मारणाऱ्या, हवे ते रूप घेणाऱ्या प्राण्याची ही गोष्ट. चित्रीकरणाच्या क्रमात हा पहिला भाग नव्हता. वाहिनीने तो सुरुवातीसाठी निवडला होता. त्या रात्री आपल्या वेळेत त्याने प्रतिस्पर्धी कार्यक्रमांना मागे टाकले. उलट 'व्हरायटी' या मनोरंजनक्षेत्रातल्या मातब्बर पत्राच्या समीक्षकाने हे प्रकरण चालणार नाही, असा निकाल दिला. नंतरच्या आठवड्यांत प्रेक्षकसंख्या घसरली आणि मालिका मधल्या फळीत रेंगाळली. म्हणजे आकडा आणि अभिप्राय यांची फारकत पहिल्याच रात्री झाली होती, आणि पुढची तीन वर्षे ती मिटली नाही.

गैरसमज : रेटिंग कमी, म्हणजे लोकांना मालिका आवडत नव्हती.

वस्तुस्थिती : रेटिंग आवड मोजत नाही. त्या काळी नील्सन कंपनी देशभरातल्या सुमारे १,२०० घरांतल्या टीव्ही संचांना यंत्र जोडून कोणत्या वेळी कोणती वाहिनी लावलेली आहे याची नोंद ठेवत असे. संच चालू आहे एवढेच त्या यंत्राला कळे. समोर कोणी भान हरपून बसले आहे, की टीव्ही चालू ठेवून सगळे स्वयंपाकघरात जेवत आहेत, याचा त्याला पत्ता नसे. आपल्याकडच्या टीआरपीचे तत्त्वही हेच: निवडक घरे, मीटर, आणि त्यावरून साऱ्या प्रेक्षकांचा अंदाज. एखादी मराठी मालिका टीआरपीत पहिली आली, तर ती सर्वाधिक घरांत लागली होती असा त्याचा अर्थ. सर्वाधिक मनांत भरली, असा अर्थ त्यातून निघत नाही.

हा फरक किती टोकाला जाऊ शकतो, ते १९६८मध्ये दिसले. विज्ञानकथाविश्वात मानाच्या समजल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्काराच्या नाट्यसादरीकरण विभागात त्या वर्षी पाच नामांकने होती आणि पाचही 'स्टार ट्रेक'च्या भागांना होती. हा पुरस्कार विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य मत देऊन ठरवतात, म्हणजे तो सरळसरळ वाचक-प्रेक्षकांचा कौल. पुरस्कार मिळाला 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या हार्लन एलिसनलिखित भागाला. त्याच वर्षी ही मालिका पुढे चालवावी की नाही, असा प्रश्न वाहिनीपुढे होता.

गैरसमज : दहा लाख पत्रे आली, आणि तीही आपसूक.

वस्तुस्थिती : १९६७च्या अखेरीस मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या कॅलिफोर्नियातल्या दांपत्याने मोहीम उभारली. दहाचा नियम केला: प्रत्येकाने दहा जणांना लिहायला सांगायचे, त्या प्रत्येकाने आणखी दहा जणांना. छापील मजकुरावर नुसती सही नको, प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहायचे, हा आग्रह होता. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याचाही पडद्याआडून या मोहिमेला हातभार होता. जानेवारी १९६८मध्ये कॅलटेक या विज्ञानसंस्थेचे दोनशेहून अधिक विद्यार्थी फलक घेऊन एनबीसीच्या बरबँक येथील स्टुडिओवर मोर्चाने गेले.

'दहा लाख पत्रां'चा आकडा नंतर फुगत गेला. एनबीसीच्या नोंदीनुसार पत्रे एक लाखाच्या थोडी वर होती. तीही काही कमी नव्हेत. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना संख्येइतकाच मजकुराचा दर्जाही महत्त्वाचा वाटला: लिहिणाऱ्यांत डॉक्टर, शास्त्रज्ञ, शिक्षक होते आणि पत्रे नीट विचार करून लिहिलेली होती. १ मार्च १९६८ रोजी 'द ओमेगा ग्लोरी' हा भाग संपताच मालिका पुढे चालू राहील, अशी घोषणा वाहिनीने पडद्यावरूनच केली. त्यानंतर आभाराची पत्रे सुरू झाली.

गैरसमज : पत्रांनी मालिका वाचवली.

वस्तुस्थिती : पत्रांनी एक वर्ष मिळवून दिले, ते वर्ष कसे द्यायचे, हे वाहिनीने ठरवले. आधी सोमवारी संध्याकाळी साडेसातची वेळ देण्याचे ठरत होते. त्यासाठी 'लाफ-इन' हा तुफान चाललेला विनोदी कार्यक्रम अर्धा तास पुढे न्यावा लागला असता. त्याचा निर्माता जॉर्ज श्लॅटर अडून बसला आणि 'स्टार ट्रेक' शुक्रवारी रात्री दहाला ढकलली गेली. तिचा हक्काचा प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी आणि तरुण मंडळी. शुक्रवारी रात्री दहाला ती घरी कशाला बसतील? खर्चालाही कात्री लागली. रॉडनबेरीने रोजच्या कामातून अंग काढून घेतले आणि निर्मितीची सूत्रे फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे गेली. तिसऱ्या हंगामाची सुरुवात झाली 'स्पॉक्स ब्रेन' या भागाने. अंतराळयानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदूच चोरीला जातो आणि कप्तान तो परत आणायला निघतो, अशी ती गोष्ट. मालिकेतला सर्वांत वाईट भाग कोणता, या वादात आजही पहिले नाव याच भागाचे निघते. ३ जून १९६९ रोजी शेवटचा नवा भाग लागला. या खेपेला पत्रांचा उपयोग झाला नाही.

पत्रांचे खरे फळ वेगळ्याच ठिकाणी लागले. पहिल्या हंगामात २९ भाग होते, दुसऱ्यात २६. मोहीम फसली असती तर सगळे मिळून ५५ झाले असते. तिसऱ्या हंगामाने २४ भागांची भर घालून संख्या ७९वर नेली. अमेरिकेतली स्थानिक केंद्रे जुन्या मालिका विकत घेऊन आठवड्याचे पाच दिवस, रोज एक भाग, अशा लावत. या हिशेबाने ५५ भाग अकरा आठवड्यांत संपतात. ७९ भाग जवळजवळ सोळा आठवडे पुरतात. रोजच्या पुनःप्रक्षेपणासाठी माल जितका जास्त तितका बरा. सत्तरच्या दशकात संध्याकाळच्या वेळी ही मालिका पुन्हापुन्हा लागू लागली आणि जो तरुण प्रेक्षक शुक्रवारी रात्री दहाला सापडला नव्हता, तो आता रोज सापडला. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचे संमेलन भरले. आयोजकांनी काही शे माणसांची तयारी ठेवली होती. आली तीन हजारांहून अधिक. नापसंतीचा शिक्का बसलेल्या तिसऱ्या हंगामाचे मोल असे बंद पडल्यानंतर कळले.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाची या मालिकेशी ओळख याच दुसऱ्या जन्मात झाली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागे. तेव्हा तिचे चित्रीकरण थांबून दीड दशक उलटले होते. इथल्या मुलांना काय वाटते, हे एनबीसीच्या कुठल्याच हिशेबात येणार नव्हते, तरी कान टोकदार असलेला स्पॉक इथे घरोघरी माहीत झाला.

गैरसमज : कर्क आणि उहुरा यांच्या चुंबनावर अमेरिकी प्रेक्षक भडकले; ते दूरचित्रवाणीवरचे पहिले आंतरवर्णीय चुंबन होते.

वस्तुस्थिती : २२ नोव्हेंबर १९६८ रोजी 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन' या भागात विल्यम शॅटनरचा कप्तान कर्क आणि निशेल निकोल्सची लेफ्टनंट उहुरा यांचे चुंबन दाखवले गेले. कथेत परग्रहवासी मनःशक्तीच्या जोरावर त्यांना तसे करायला भाग पाडतात. 'पहिले' हे बिरुद मात्र टिकत नाही. खुद्द शॅटनरने १९५८मध्ये 'एड सलिव्हन शो'मध्ये एका नाटकातला प्रवेश सादर करताना व्हिएतनामी वंशाच्या फ्रान्स नुएन या अभिनेत्रीचे चुंबन घेतले होते. ब्रिटनमध्ये १९६२च्या एका दूरचित्रवाणी नाटकात गोरी तरुणी आणि कृष्णवर्णीय तरुण यांचे चुंबन दिसले होते.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून गदारोळ होईल, ही धास्ती एनबीसीला होती, हे खरे. निकोल्सने पुढे सांगितले त्याप्रमाणे त्या भागावर भरपूर पत्रे आली आणि बहुतेक कौतुकाची होती. प्रेक्षक काय म्हणतील याबद्दलची भीती आणि प्रेक्षक प्रत्यक्षात काय म्हणाले, यांत असे अंतर पडले.

याच अभिनेत्रीच्या बाबतीत एका प्रेक्षकाचे मत लाख पत्रांहून भारी ठरले होते. पहिल्या हंगामानंतर ती मालिका सोडायला निघाली होती. तिच्याच सांगण्यानुसार, एका समारंभात तुमचा एक चाहता भेटू इच्छितो, असा निरोप आला आणि समोर उभे होते मार्टिन ल्यूथर किंग. ही भूमिका सोडू नका, असे त्यांनी तिला सांगितले. ती थांबली.

गैरसमज : त्या चुंबनामुळे बीबीसीने हा भाग दाखवला नाही.

वस्तुस्थिती : बीबीसीने हा भाग बरीच वर्षे दाखवला नाही, इतकेच खरे. पण रोखलेले भाग चार होते आणि त्यांतल्या 'मिरी' या भागात असे कोणतेही चुंबन नव्हते. 'मिरी' १९७०मध्ये एकदा दाखवला गेला आणि त्यावर प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. वेड, छळ, क्रौर्य आणि रोगराई यांचे अंगावर येणारे चित्रण, हे कारण बीबीसीने चारही भागांसाठी दिले. ब्रिटनमध्ये ही मालिका संध्याकाळी, मुले टीव्हीसमोर असताना लागत असे, हे लक्षात घेतले की त्या कारणाची संगती लागते.

गैरसमज : रशियन पात्र नाही म्हणून सोव्हिएत वृत्तपत्र 'प्रावदा'ने टीका केली आणि चेकॉव्ह आला.

वस्तुस्थिती : ही कथा प्रसिद्धीसाठी फिरवली गेली, 'प्रावदा'तला तसा लेख आजवर कोणाला दाखवता आलेला नाही. 'द मंकीज' या गाजत्या मालिकेतल्या डेव्ही जोन्सवर तेव्हा किशोरवयीन मुली फिदा होत्या. तसा चेहरा आपल्याकडेही हवा, म्हणून दुसऱ्या हंगामात चेकॉव्हच्या भूमिकेसाठी वॉल्टर केनिगला घेतले. त्याचे स्वतःचे केस वाढेपर्यंत सुरुवातीच्या भागांत त्याला टोप घालावा लागला होता.

गैरसमज : आता टक्केवारी सर्वांसमोर असते, त्यामुळे प्रेक्षकांचे मत लपत नाही.

वस्तुस्थिती : रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे १०० टक्के म्हणजे शंभरपैकी शंभर गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांनी अनुकूल लिहिले, एवढेच तो आकडा सांगतो. दहाच्या दहा समीक्षकांनी 'बरा आहे, बघायला हरकत नाही' असे म्हटले तरी भाग शंभर टक्क्यांवर जातो. दुसरीकडे, चित्रपट पाहण्याआधीच त्याच्यावर राग काढण्याचे प्रकार वाढले, तेव्हा फेब्रुवारी २०१९मध्ये या संकेतस्थळाने प्रदर्शनापूर्वीचे प्रेक्षकांचे शेरे बंद केले.

पत्रमोहिमेचा आधुनिक अवतार म्हणून 'द एक्सपान्स' या मालिकेचे नाव घेतले जाते. समीक्षकांनी वाखाणलेली ही मालिका मे २०१८मध्ये सिफाय वाहिनीने सोडली. चाहत्यांनी लाखाहून अधिक सह्या जमवल्या, वर्गणी काढून ॲमेझॉन स्टुडिओवरून फलक लावलेले विमान फिरवले. महिना संपायच्या आत, २५ मे रोजी, लॉस एंजेलिसच्या अंतराळविषयक परिषदेत जेफ बेझोस यांनी ती ॲमेझॉनवर येणार असल्याचे जाहीर केले. विमानाचा फोटो सर्वांच्या लक्षात राहिला. करारातली मेख कोणाच्या फारशी लक्षात नाही. सिफायकडे अमेरिकेत भाग पहिल्यांदा दाखवण्यापुरतेच हक्क होते. नंतर सवडीने, इंटरनेटवर पाहणाऱ्या चाहत्यापासून या वाहिनीला दमडी मिळत नव्हती. ॲमेझॉनला नेमका तोच चाहता हवा होता. मालिका आणखी तीन हंगाम चालली.

म्हणून पुढच्या वेळी नव्या भागावर रण माजेल, तेव्हा आवाज कोणाचा मोठा आहे हे पाहून भाकीत करू नये. भाग कोणी पाहिला, त्या पाहण्याची नोंद कुठे झाली आणि तो पाहिल्याने पैसे कोणाच्या खिशात गेले, हे तीन प्रश्न विचारावेत. आवडत्या मालिकेसाठी काही करायचे असेल तर सही करण्याआधी ती हक्काच्या ठिकाणी, पैसे मोजून आणि वेळेवर पाहावी. आणि पत्र लिहायचेच असेल, तर ट्रिंबल दांपत्याचा सल्ला अजून शिळा झालेला नाही: दुसऱ्याचा मजकूर पुढे ढकलू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा.